बिजागरी कोणाची

फोरमननी हात पुसले, चष्मा लावला आणि जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या लॅपटॉपसमोर ते बसले. धाकट्या मुलीने पान आधीच उघडून ठेवलं होतं. आई ओट्यापाशी उभी होती. तिथूनच म्हणाली, "मोठ्याने वाचा."

"'थांबती बिजागरी,'" फोरमननी वाचायला सुरुवात केली. "'शाळेच्या बाकाचं झाकण उघडल्यावर जिथे सोडावं तिथेच थांबवणारी बिजागरी. ही बिजागरी शहरातील बाकांच्या कारखान्याचे फोरमन,' इथे माझं नाव आहे, 'यांनी तयार केली.'" ते थांबले. मान पुढे करून त्यांनी पुन्हा पाहिलं. "आणि पुढे कंसात हे काय? संदर्भ हवा?"

"ते मी नाही लिहिलं. लेख तपासणारे लोक लिहितात."

"त्यांना माहीत नसेल. मी सांगतो ना त्यांना."

"तुम्ही सांगून चालत नाही, बाबा. छापून आलेलं लागतं. आणि त्यातून तुम्ही माझे बाबा आहात."

"म्हणजे बाप असणं हा दोष झाला," फोरमन म्हणाले आणि लॅपटॉप हळूच तिच्याकडे सरकवला.

धाकटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या मॅडमनी वर्गाला प्रकल्प दिला होता: आपल्या शहरातली एक गोष्ट निवडायची आणि ऑनलाइन ज्ञानकोशात तिच्यावर नवीन लेख लिहायचा. कोणी जुनं पंपहाउस घेतलं, कोणी बंद पडलेलं थिएटर. एकीने आपलंच कॉलेज घेतलं आणि माहितीपत्रक जसंच्या तसं उतरवलं, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेसकट. धाकटीला विषय शोधावा लागला नाही. तो घरात लहानपणापासून कानावर आदळत होता.

फोरमन ती गोष्ट सांगायचे तेव्हा उभे राहायचे. मालक एकदा कारखाना बघायला आले. एका बाकाचं झाकण उघडून आत हात घातला, आणि झाकण धाडकन बोटांवर पडलं. मालक एका पायावर नाचत पार गेटपर्यंत गेले. इथे फोरमन स्वतः एका पायावर टेबलाला वळसा घालायचे. त्याच संध्याकाळी त्यांनी बिजागरी बनवली आणि सकाळी मालकांच्या टेबलावर ठेवली. पाहुणे पोट धरून हसायचे. आई आणि दोन्ही मुली मात्र तेवढ्यात भांडी आवरून घ्यायच्या, कारण ती गोष्ट त्यांनी निदान दोनशे वेळा ऐकली होती.

मॅडमनी धाकटीचा लेख पाहिला. "विषय छान आहे. पण हे वाक्य संदर्भाशिवाय राहणार नाही. कारखान्याची एखादी स्मरणिका असेल, बघ. परवा दुपारपर्यंत दे, मला गुण भरायचेत."

कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती. त्याचे कागद कुठे गेले कोणाला माहीत नव्हतं, पण सार्वजनिक वाचनालयाच्या माळ्यावर पंचविसाव्या वर्षाची स्मरणिका मिळाली. ग्रंथपाल बाईंनी फडक्याने पुसून ती हातात दिली. मालकांचं मनोगत, कामगारांच्या कविता, आणि अठराव्या पानावर तरुण, काळ्याभोर केसांचे बाबा. हातात बिजागरी. खाली त्यांची छोटी मुलाखत.

धाकटीने फोटोचा फोटो काढला आणि मग मुलाखत वाचली.

'कल्पना माझी नाही,' तीस वर्षांपूर्वी बाबांनी सांगितलं होतं. 'पॉलिश विभागातल्या माझ्या सहकाऱ्याची आहे. पॉलिश करताना झाकण पडून त्याचं नख एका आठवड्यात दोनदा काळं झालं. त्याने लाकडाच्या ढलपीची खाच करून मला दाखवली. मी फक्त आराखडा काढला.'

त्यात मालक कुठेच नव्हते. गेटही नव्हतं.

पॉलिश विभागातला सहकारी म्हणजे पॉलिशकाका. रोज संध्याकाळी औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसणारे, घरी आले की ती गोष्ट ऐकून सगळ्यात जास्त हसणारे. एकदा तर बाबा गेटपर्यंत पोहोचायच्या आत त्यांनीच पुढे सांगितलं होतं, "आणि तिथे चप्पल निसटली."

धाकटीने स्मरणिका मिटली. स्मरणिका परत माळ्यावर ठेवून संदर्भ सापडला नाही म्हणून सांगता आलं असतं. बाबांशी आधी बोलताही आलं असतं. पण मॅडमनी परवाची मुदत दिली होती, आणि बाबांनी लेख एकदा वाचला, ते पुन्हा कशाला उघडतील, असं तिला वाटलं. तिने दोन ओळी बदलल्या: 'कल्पना पॉलिश विभागातील कारागिराची, आराखडा फोरमनचा.' काकांचं पूर्ण नाव घातलं आणि खाली संदर्भ दिला, पान अठरा. दुसऱ्या दिवशी कंसातले ते दोन शब्द गेले होते. रविवारी निवांत सांगू, असं तिने ठरवलं.

रविवार उजाडायचा होता. फोरमन मात्र लेख रोज मोबाइलवर उघडत होते, सकाळी पेपरच्या आधी.

त्या दिवशी त्यांनी बदललेल्या दोन ओळी वाचल्या. नाश्ता केला, ताटली धुतली, एरवी ते कधी धुवत नसत. संध्याकाळी पायात चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"काकांकडे नाही गेलात?" धाकटीने विचारलं.

"पाय दुखतोय."

"बाबा, मी तुम्हाला सांगणार होते."

"त्यात काय सांगायचं? माझेच शब्द आहेत." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आधी मी तसंच सांगायचो. मग कोणीतरी लग्नात विचारलं, वेळ कमी होता, म्हणून जरा थोडक्यात सांगितलं. लोक हसले. पुढच्या वेळी तेवढंच सांगितलं. त्यातून तो कधी निघून गेला, मलाच कळलं नाही."

औषधांच्या दुकानासमोर पॉलिशकाका तीन संध्याकाळी एकटेच बसले. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेने त्यांना लेख वाचून दाखवला. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची, टाइपिंग भराभर करायची. काकांनी लगेच निष्कर्ष काढला: फोरमन रागावलाय.

"माझं नाव काढ तिथून," ते सुनेला म्हणाले.

"मामंजी, खरं आहे ते. संदर्भ आहे."

"तीस वर्षं मी त्याबद्दल ब्र काढला नाही, आता ज्ञानकोश काढणार? काढ म्हणतो ना. सगळं फोरमनने केलं, असं लिही."

सुनेने तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमननी पेपरच्या आधी लेख उघडला आणि त्यांना वाटलं, पोरीने बापाची दया येऊन खोटं लिहिलं. ते तिच्या खोलीत गेले. लॅपटॉपवर धाकटीचं खातं उघडंच होतं. 'बदला' या शब्दावर बोट ठेवून, एका बोटाने एकेक अक्षर शोधत, त्यांनी अर्ध्या तासात लिहिलं: 'फोरमनने काही केले नाही. सर्व श्रेय पॉलिशवाल्याचे.'

दुपारी सुनेने जेवणाच्या सुट्टीत ते बदललं. संध्याकाळी फोरमननी पुन्हा बदललं, आणि आता वाक्यही लांब केलं: 'फोरमनला साधी खाचही सुचली नसती.' सुनेने त्यावर लिहिलं की पॉलिश विभागातल्या कारागिराला फुटपट्टी धरता येत नव्हती. हे तिला काकांनी शेजारी बसून सांगितलं होतं. दीड दिवसात तो लेख चौदा वेळा बदलला. शेवटच्या तीन बदलांत दोघांनी एकमेकांचे गुण सांगायचं सोडून दिलं होतं आणि फक्त स्वतःचे दोष लिहीत होते.

शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन आला. "तुझं खातं बंद केलंय ज्ञानकोश सांभाळणाऱ्या प्रचालकांनी. समोरचंही केलंय. तू कोणाशी भांडतेयस?"

"मी कोणाशीच नाही, मॅडम."

"मग तुझ्या नावाने 'फोरमन हा केवळ सही करणारा मनुष्य होता' हे कोणी लिहिलं?"

धाकटीने मागे वळून पाहिलं. फोरमन पेपरमध्ये तोंड घालून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते.

दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चार खुर्च्या मांडल्या होत्या. फोरमन आणि धाकटी आधी पोहोचले. दहा मिनिटांनी पॉलिशकाका सुनेबरोबर आले. सुनेचं नाव त्या दुसऱ्या खात्यावरून कळलं होतं, मॅडमनीच निरोप पाठवला होता. दोघे म्हातारे आठ दिवसांनी समोरासमोर आले. फोरमन उठून उभे राहिले आणि मग कशासाठी उठलो ते आठवत नसल्यासारखे उभेच राहिले.

"पाय बरा आहे का?" काकांनी विचारलं.

"पायाला काही झालं नव्हतं."

"मला माहितीये."

मॅडम म्हणाल्या, "एकोणीस वर्षं शिकवतेय. स्वतःचं नाव घालायला भांडणारे पुष्कळ पाहिले. तुमचं नक्की म्हणणं काय आहे?"

"बिजागरी त्याची," फोरमन म्हणाले.

"आराखडा नसता तर ती ढलपीच राहिली असती," काका म्हणाले. "बिजागरी त्याचीच."

"मी तीस वर्षं खोटं सांगितलं, मॅडम. हा समोर बसून ऐकायचा."

"मग काय करू? तू सांगायचास इतकं छान." काकांनी आवाज खाली आणला. "माझी पहिली चार-पाच वर्षं वाईट गेली. म्हणजे, वाईट वाटायचं. मग मीही वाट बघायला लागलो, मालक कधी नाचतात त्याची."

फोरमन खुर्चीत बसले. हे पहिल्या चार-पाच वर्षांचं त्यांना माहीत नव्हतं. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोही एकदाच, आणि काढून घेतला.

मॅडमनी प्रचालकांना रीतसर पत्र लिहिलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही खाती सुटली, पण लेखाला एक महिन्यासाठी कुलूप लागलं. भांडणात नावं इतक्या वेळा आतबाहेर झाली होती की कुलूप लावताना कोणीतरी दोन्ही काढून टाकली. महिनाभर जगाला एवढंच कळणार होतं: 'ही बिजागरी कोणी तयार केली याबद्दल मतभेद आहेत.' धाकटीला पन्नासपैकी एकेचाळीस गुण मिळाले. संदर्भशोधाचे पूर्ण, वर्तनाचे शून्य.

महिन्यानंतर तिने लेख नीट केला. दोघांची नावं, दोघांचं काम, पान अठरा. दोघांनीही वाचून मान डोलावली आणि पुन्हा कोणी त्याला हात लावला नाही.

त्याच सुमारास थोरलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच राहायला आली. जेवणं झाली, पॉलिशकाकाही होते. थोरलीचे दीर म्हणाले, "तुम्ही काहीतरी शोध लावला होता म्हणे. वहिनी सांगत होती, फार हसायला येतं."

धाकटी आणि आई भांडी उचलायला उठल्या नाहीत.

फोरमननी काकांकडे पाहिलं. काकाच म्हणाले, "मी सांगतो. एकदा मालक कारखान्यात आले. एका बाकाचं झाकण उघडून..."

"नाही," फोरमन म्हणाले. "मालक नव्हते आले."

मग ते बसल्या जागी सांगायला लागले. आठवड्यात दोनदा काळं झालेलं नख, ढलपीची खाच, मग आराखडा, त्यात आधी कोन कसा चुकला, तो कितीने चुकला, सह्या कोणाकोणाच्या लागल्या. एक तारीख आठवेना म्हणून ते काकांना विचारत थांबले. काकांनी विचार करून वेगळीच तारीख सांगितली, त्यावर दोघांची थोडी चर्चा झाली. दिरांनी तोंडावर हात धरून जांभई दाबली. त्यांच्या आईने दोनदा "हो का" म्हटलं. कोणी हसलं नाही.

धाकटी भिंतीला टेकून ऐकत होती. सगळं खरं होतं, तिने स्वतः तपासलं होतं. बाबा एकदा तरी उठतील म्हणून तिने त्यांची खुर्ची टेबलापासून जराशी मागे ओढून ठेवली होती. ते शेवटपर्यंत बसूनच बोलले.