हिंदीचा पेपर माफ

"चौकट उघडायची न्हाय. हाय तशी घेऊन जाऊ," महिपतराव म्हणाले, आणि रामहरीला वडिलांविषयी इतका आदर आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पुण्यातल्या त्याच्या कॉलेजात एक सोय होती. शाळेत असतानाच हिंदीची परीक्षा दिलेल्यांना पहिल्या वर्षाचा हिंदीचा पेपर माफ. या भरवशावर रामहरीने वर्षभर हिंदीच्या तासाला इमानेइतबारे चहा प्यायला होता. सुट्टीत वडगाव निंबाळकरला घरी आला, तर मागोमाग कॉलेजचं पत्र: प्रमाणपत्राची खरी नक्कल शाळेच्या हेडमास्तरांच्या सहीशिक्क्यानिशी आठवड्यात पाठवा, नाहीतर पेपरला बसा.

प्रमाणपत्र भिंतीवर काचेत होतं. महिपतरावांनीच ते बारामतीहून मढवून आणलं होतं. रामहरीने घरी पहिला वर्ग सांगितला होता, कागदावर तिसरा होता. पण चौकटीची रुंद पट्टी नेमकी त्याच ओळीवर बसली होती. त्या न पाहिलेल्या मढवणाऱ्याला रामहरी रोज मनोमन हात जोडत असे.

चौकट धोतरात गुंडाळून दोघे बारामतीच्या शाळेत जायला एस.टी.त चढले. शेजारच्या बाकावर परगावच्या छबूबाई होत्या; त्यांनी धोतराकडे बघून हळू आवाजात विचारलं. "फोटू का वो? कुनाचा?"

"फोटू न्हाय. पोराचं हाय ह्ये," महिपतराव अभिमानाने म्हणाले.

"पोराचं! अगं बाई, एवढं तरणंताठं!" छबूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सगळी गाडी गप्प झाली. कंडक्टरने महिपतरावांना खिडकीची जागा करून दिली. ज्याच्यासाठी गाडी हळहळत होती, तो बारामतीपर्यंत दांडीला लटकून उभा राहिला.

हेडमास्तरांनी नक्कल उतरवायला घेतली आणि शेवटी थांबले. "वर्ग कुठंय?"

"पट्टीखाली गेलाय, सर," रामहरी म्हणाला.

"मग चौकट उघडा."

"कशापायी, सर? पयलाच हाय त्यो," महिपतराव घाईघाईने म्हणाले.

"न बघता मी सही करत नाही, महिपतराव." हेडमास्तरांनी शिपायाकडून पकड मागवली.

एकेक खिळा निघत होता आणि रामहरी मोजत होता. पेपरला बसलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"तृतीय श्रेणी," हेडमास्तरांनी मोठ्याने वाचलं. मग कॉलेजचं पत्र चाळलं. "चालेल. नुसतं उत्तीर्ण असलं तरी पुरे, असं लिहिलंय." सही झाली, शिक्का बसला, पेपर माफ झाला. हेडमास्तर तासाला निघून गेले.

रामहरीला मान वर करवेना. "तात्या, मी खोटं बोललो."

"ठावं हाय की."

"कवापासनं?"

"मढवाया नेलं तवापासनं. त्यो गडी बारीक पट्टी लावत हुता. म्या म्हनलं, खालच्या अंगाला चांगली रुंद लाव."

रामहरी बघतच राहिला. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याला हलकं वाटलं. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"आता बघत काय बसलास? आईला कळू द्यायचं न्हाय. तिनं समद्या वडगावात पयला वर्ग सांगितलाय."

महिपतरावांनी चौकट टेबलावर पालथी घातली. रामहरीने कागद खाली सरकवून नीट दाबून धरला आणि महिपतरावांनी खिळे ठोकले.