पाच अंगरख्यांवर एक पातेलं

रविवारी दुपारी मी घरकामात मदत करायचं ठरवलं. (असे निर्णय माझ्यासारख्या कारकुनानं वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊ नयेत.) आमच्या घरातल्या वरिष्ठ, म्हणजे आमच्या सौ. शिवलीला, नळदुर्गला दोरे आणायला गेल्या होत्या. कपाटाशेजारी एक गाठोडं दिसलं. सोडून पाहिलं तर मातकट, ठिगळं लावलेले, कोपरावर घासलेले पाच अंगरखे आणि पाच चोळणे, म्हणजे जुन्या धाटणीच्या तुमानी. बटण एकालाही नाही. तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, "भांडीऽऽय! जुन्या कापडावर भांडीऽऽय!"

भांडेवाल्या प्रेमाबाईंनी कपडे उलटेपालटे केले आणि घासाघीस न करता स्टीलचं मोठं पातेलं माझ्या हातात ठेवलं. मी झाकण मागितलं. तेही दिलं. अख्ख्या जळकोटात माझ्याइतका व्यवहारी माणूस नाही अशी माझी खात्री पटली. पातेलं ओट्यावर असं मांडलं, की दारातून येणाऱ्याला आधी तेच दिसावं.

तीन वाजता फोन आला.

"अहो, योगीराज चारला येणार हायत. कपाटाजवळचं गाठोडं बैठकीत ठेवा. नीट उचला."

"कसलं गाठोडं?" (माझी नजर ओट्यावरच्या पातेल्यावर.)

"कसलं म्हणजे? उद्या किल्ल्यावर लढाई हाय त्यांची! चार महिने हातानं शिवतेय की मी!"

"ते... जुने, फाटके?"

"मोहिमेवरनं आल्यासारखे दिसाया पाहिजेत म्हणाले ते. मातीत लोळवले, दगडावर घासले, तवा कुठं साडेतीनशे वर्षांचे वाटाय लागले. मी घरात काय करते ते कधी बघितलंय का तुम्ही?"

बघितलं नव्हतं. योगीराज आणि त्याची मंडळी जुन्या लढाया जशाच्या तशा करून दाखवतात, एवढंच मला माहीत होतं. मशीनचा एक टाका सापडला तरी तो कपडा परत करतो. हे पाच पसंत पडले, तर पुढचे साठ जणांचे कपडे शिवलीलेला मिळणार होते.

पातेलं पुढ्यात घेऊन मोटारसायकल काढली आणि हायवेवरचा स्टँड गाठला. प्रेमाबाई उमरग्याच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या.

"मावशी, हे पातेलं घ्या, झाकणासकट. कपडे परत द्या."

"न्हाय. सौदा झाला."

"अहो, फाटक्या चिंध्या त्या!"

"फाटक्या?" त्यांनी एका अंगरख्याची शिवण उलटी करून माझ्या नाकाशी धरली. "टाका बघा, कणीएवढा! वीस वर्सं जुनी कापडं घेते म्या. जुनं वढलं की टरकन फाटतं. हे वढून बघा. कोरं कापड हाय, कुनीतरी जीव लावून जुनं केलंय. झाकन उगंच दिलं व्हय?"

मला लाज वाटली. चार महिने त्याच घरात राहून मला जे दिसलं नाही, ते या बाईला दारात उभ्या उभ्या दिसलं होतं.

"माझ्या बायकोनं केलंय," मी म्हणालो.

त्या जरा विरघळल्या. "बरं. पर मोकळ्या हातानं कशी जाऊ? दुसरी कापडं द्या."

"घरून आणतो."

"गाडी आली की!"

खरंच आली होती. प्रेमाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांची नजर माझ्या पँटवर थांबली, तशी माझीही थांबली.

पुढचं सगळं उसाच्या ट्रॉलीआड घडलं. अंगरख्याचे बंद मला काही बांधता येईनात. शेवटी कंडक्टरनं गाडी थांबवून धरली आणि प्रेमाबाईंनी खाली उतरून ते बांधून दिले. (अख्खी गाडी खिडक्यांना लटकलेली.) मग उरलेल्या चार जोडांचं गाठोडं माझ्या हाती देऊन, माझी शर्ट-पँट आणि पातेलं घेऊन त्या गेल्या.

पायात ऑफिसचे बूट, डोक्यावर हेल्मेट, बाकी सतरावं शतक. एका ट्रकवाल्यानं ब्रेक दाबून मला मुजरा केला. मी घाबरून उलट मुजरा केला आणि गाडी खड्ड्यात घातली.

धुळीनं माखून घरी पोचलो, तर योगीराज अंगणात हजर. शिवलीला दारात. योगीराज माझ्याभोवती तीन चकरा फिरला. टाके तपासले, ठिगळं चाचपली, बंदांच्या गाठी ओढून पाहिल्या. मी पोट आत घेऊन उभा.

"वहिनी," अखेर तो म्हणाला, "साठ जणांचं काम तुम्हालाच. लई अस्सल झालंय. फक्त ह्याच्यातनं दादांना तेवढं काढा."