भोईरकाकांचं मिररिंग

राऊटर बंद करून परत चालू करणाऱ्या माणसाशी भोईरकाका दोन दिवस बोलत नाहीत. आमच्या मुरबाडच्या कॉलेजातलं नेटवर्क ते सांभाळतात. एकदा खुद्द प्राचार्यांनी बटण दाबलं, तर काकांनी त्यांच्याशीही अबोला धरला. निरोप सगळे माझ्यामार्फत. मी कार्यालयातली कंत्राटी क्लार्क, सांगणार कुणाला!

"तापलेल्या माणसाला झोपवून उठवला तर ताप जातो का गो? आदी बघायचं, मंग हात लावायचा."

शहापूरहून जीपने येतात आणि डबासुद्धा राऊटरच्या कपाटासमोर बसून खातात. चूक कबूल करणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही.

गेल्या महिन्यात, ऐन परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत, दुपारचं नेट रखडायला लागलं. प्राचार्य कडाडले, "कोण काय बघत बसतंय ते शोधा. नाव कळलं की कामावरून काढतो."

त्या शोधात नाव माझंच निघणार होतं. बाबा अर्धांगवायूने खाटेला खिळलेत, एवढं कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासमोर मी कॅमेरा लावलाय आणि तो माझ्या संगणकावर दिवसभर उघडा असतो.

काकांनी राऊटरवर मिररिंग लावलं. म्हणजे कार्यालयाच्या वायरीतून जे जातं-येतं, त्याची नक्कल एका रिकाम्या पोर्टवर उतरवायची आणि तिथे लॅपटॉप जोडून बघत बसायचं. त्याच लॅपटॉपवर ते स्वतःची मेल उघडायला गेले, उघडेना.

"या पोर्टाला कान हाय, तोंड नाय," म्हणत स्वतःशीच हसले. मला कुठलं हसू येतंय!

चार वाजता ते प्राचार्यांकडे गेले. मी फाईल घेऊन दाराशीच उभी.

"सापडलं नाव?"

"नाव कसलं, सर? सेटिंग माजीच चुकलेली. केली नीट."

बाहेर येऊन मला म्हणाले, "कॅमेऱ्याचं चित्र बारीक ठेव गो, नेट कमी खातं. बापूस दिसला म्हंजे झालं."

"काका, तुम्ही बाबांना बघितलंत?"

"आतलं नाय दिसत. कुठं जातंय तो पत्ता दिसतो, कॅमेऱ्याच्या कंपनीचा. तो मला पाठ हाय. आईच्या खाटेसमोर तसलाच कॅमेरा लावलाय मी."

या माणसाला घर आहे, आई आहे, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"आता कशी आहे त्यांची तब्येत?"

काकांनी लॅपटॉप पिशवीत घातला.

"आई गेली, दोन वरसं झाली. खाट हाय तशीच. दुपारी एकदा उघडून बघतो."