नानांच्या हातोडीखालून

मुलगी द्यायची तर लोक पत्रिका बघतात, पगार विचारतात. नाना आमच्या रोह्याच्या घरी आले आणि खिशातून छोटी हातोडी काढून भिंती वाजवत सुटले. आई चहा घेऊन उभीच. "हितं पोकळ हाय," असं जाहीर करून मगच स्वारी बसली.

नाना पेणच्या रामवाडीचे, रेल्वेच्या बोगद्यावर टेस्टिंगला होते. मी तिथंच नोझल धरायचो. म्हणजे पंपातून येणारं काँक्रीट पाइपनं खडकावर फवारायचं, मग दगड सुटून कुणाच्या डोक्यात पडत नाही. आम्ही फवारायचं आणि नानांनी ते वाजवत फिरायचं. पोकळ वाजलं की खडूची फुली. माझ्या भागात इतक्या फुल्या, की नानांनी रांगोळी घातलीय म्हणून मुकादम चिडवायचा.

खोड अंगात मुरलेली. नारळ वाजवून घेणं समजू शकतो, पण हा माणूस लग्नाला गेला की नवऱ्या मुलाचा पाटसुद्धा वाजवून बघायचा. वालाच्या शेंगा मडक्यात भरून जाळावर पोपटी लावली की मडक्यावर पाणी मारायचं, चर्र झालं की उतरवायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. नाना तीन ठिकाणी पाणी मारून घड्याळ बघत बसायचे. तोवर शेंगांचा कोळसा.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीवर, वंदनावर, माझा जीव जडला. आता याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं!

नानांनी अट घातली. मी एक लाकडी खोकं फवारून भरायचं, अठ्ठावीस दिवसांनी, काँक्रीट पुरतं मुरलं की, ते त्यातले तीन गोल तुकडे कापून मशीनमध्ये दाबणार. ताकद भरली तर लग्न, नाहीतर राम राम. वंदनाही बापाचीच लेक. बाबा नाय म्हणाले तर मी पळून येणार नाय, हे तिनं आधीच सांगून टाकलं.

मी देवाचं नाव घेऊन खोकं भरलं. नाना रोज स्वतः त्यावर ओलं गोणपाट टाकायचे, इमानदारीत पाणी मारायचे.

अठ्ठाविसाव्या दिवशी निडीला, मशीनच्या शेडमध्ये पहिला तुकडा दाबला. काटा हवा त्याच्या पुढे गेला. नाना म्हणाले, काटा अडकतो. दुसरा त्याहून सरस निघाला. म्हणाले, तुकडा तिरका बसला होता. तिसरा सगळ्यांत भारी. नाना चुरा चिवडत बसले. माझं डोकंच फिरलं. आता आणखी काय बघायचं राहिलंय, असं मी विचारलं.

"वंदीची आय गेली तवा ही सात वर्सांची," ते मान खाली घालून म्हणाले. "तवापासून आमी दोघंच जेवतो. मला वाटलं व्हतं, तू नापास व्हशील."

मला नापास करायला पेनाचा एक फटकारा पुरे होता. पण साहेबांनी डोळे वटारले तरी या माणसानं कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांनी रजिस्टर ओढलं, तिन्ही आकडे लिहिले, पुढे 'पास' लिहून सही केली.

मग चष्मा पुसत म्हणाले, "तिला बर्फातली मासळी चालत नाय. धरमतरच्या खाडीवर जाऊन ताजी आणत जा."

मी हो म्हटलं.

"आणलीस की मला पण हाक मार."