तिसऱ्या मजल्यावरील फरशीच्या तहाची हकीकत

श्रीगृहदेवता समर्थ. जिच्या कृपेने उंबऱ्याच्या आत चूल पेटते आणि उंबऱ्याबाहेर चपला सुखरूप राहतात तिजला दंडवत घालून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ मासी जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो. एक राज्य होते. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या अंगास एक गॅलरी, इतकाच मुलूख. परंतु उज्ज्वलाबाईसाहेब त्यास गडाप्रमाणे जपत. बाईसाहेब टपाल कचेरीच्या खिडकीवर कामास बसत, त्यांचे यजमान दिगंबरराव कारखान्यात पाळीने जात, आणि दोघांचे बरे चालले होते. त्याच साली खाली रस्ता रुंद करावयाचे काम निघाले आणि धुळीने राज्यावर स्वारी केली. सकाळी पुसावे तो संध्याकाळी गॅलरीपासून देव्हाऱ्यापर्यंत तिचाच अंमल. बाईसाहेब हार मानणाऱ्या नव्हेत. रोज पहाटे पदर खोचावा, बादली घ्यावी, ओणवे होऊन हातानेच फरशी पुसावी, कारण दांड्याच्या पोछ्याने कोपरे राहतात असे त्यांचे ठाम मत, आणि मग कचेरीस जावे, आणि परत आल्यावर चपला काढता काढता टीव्हीवर बोट फिरवून पाहावे, आणि बोट पाहून पुन्हा बादली घ्यावी. ऐसे करिता करिता उजवा गुडघा फितूर जाहला.

मग डॉक्टरांकडे स्वारी गेली. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून, फोटो काढवून पाहिला आणि सांगितले की आजपासून खाली बसणे बंद, ओणवे होणे बंद, आणि न ऐकाल तर वर्षाच्या आत गुडघा बदलावा लागेल, आणि टपाल कचेरीचा जिना चढणेही होणार नाही. बाईसाहेबांचा चेहरा उतरला. त्या आदितवारी दिगंबररावांनी स्वतः मोहीम हाती घेतली. बहुत पराक्रम केला, परंतु पाणी इतके सोडिले की फ्रिजखाली तळे जाहले, आणि त्यांची पाठ वळताच बाईसाहेबांनी लंगडत लंगडत सारी फरशी पुन्हा पुसून काढली. तेव्हा पोह्यांच्या बशा पुढ्यात असता दिगंबररावांनी मसलत मांडली की आता कामाला बाई लावू, दोघे कमावतो, तेवढे झेपेल. बाईसाहेब म्हणाल्या की किल्ली कोणाकडे द्यायची. दिगंबरराव म्हणाले की आपण घरी असतानाच येईल. मग बाईसाहेब म्हणाल्या की बायका वेळेवर येत नाहीत, आणि मग म्हणाल्या की फिनेल वाट्टेल तसे ओततात, आणि मग काही न सुचून म्हणाल्या की मला ते आवडत नाही. आणि बशी तशीच ठेवून स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात ऐशा येरझारा घालू लागल्या. दिगंबररावांस वाटले की चिकटपणा आहे. तो चिकटपणा नव्हता.

खरे कारण ते असे. बाईसाहेबांच्या मातोश्री अनसूयाबाई यांनी गावी आठ घरची धुणीभांडी आणि झाडलोट करून लेकीस शिकविले. सुट्टीच्या दिवसांत लेकीसही संगती नेत आणि मागल्या पायरीवर बसवीत, आणि त्या पायरीवरून लेक पाही, की आई ओणवी होऊन पुसते आहे आणि घरचे लोक तिच्या अंगावरून ओलांडून जातात, आणि चहा दिला तर कान तुटलेल्या कपात देतात, आणि तो कप न्हाणीच्या खिडकीत वेगळा ठेवतात. तेव्हाच त्या नऊ वर्षांच्या पोरीने मनाशी निश्चय केला की माझ्या घरात कोणी बाई वाकणार नाही. पुढे टपालाची नोकरी लागली, त्याच आठवड्यात गावी जाऊन आईस हुकूम केला की सगळी घरे आजपासून बंद. अनसूयाबाई इतकेच म्हणाल्या की बरं. त्यास अकरा वर्षे जाहली. दिगंबररावांस हे सारे ठाऊक होते, परंतु त्या कपाची आणि या फरशीची गाठ त्यांनी कधी घातली नाही, आणि बाईसाहेबांनी कधी सांगितली नाही. आता एकीकडे गुडघा आणि एकीकडे तो निश्चय, आणि बाईसाहेबांस रात्रंदिवस चैन पडेना.

अखेर एके सकाळी पलंगावरून उठता उठेना, तेव्हा नाइलाज होऊन होकार दिला. शेजारच्या इमारतीत कामास येणाऱ्या शालनबाई म्हणून एक चाळिशीच्या, कामास चपळ, बोलण्यास रोखठोक, त्यांस नेमिले. सकाळी आठाची वेळ ठरली. आणि येथे बाईसाहेबांकडून ते घडले जे त्यांच्याकडूनच घडावे. शालनबाईंस फार वाकावे लागू नये म्हणोन बाईसाहेबांनी साडेसहालाच उठून अर्धे घर आपणच पुसून ठेवावे. सोफ्याखालचे, पलंगाखालचे, जे जे अवघड ते ते आधीच उरकावे, आणि शालनबाई आल्या की जिथे त्या पुसतील तिथून उठून दुसऱ्या खोलीत जावे, आणि तिथे त्या आल्या की गॅलरीत जावे, आणि गॅलरीत आल्या की जिन्यात जाऊन उभे राहावे. चहा मात्र घरातल्या उत्तम कपात द्यावा, आणि देऊन पुन्हा पळावे. तीन दिवस शालनबाईंनी हे पाहिले. चौथ्या दिवशी फडके पिळून बादलीवर टाकिले आणि हात पुसत समोर उभ्या राहिल्या.

"ताई, माझं काम पसंत नसेल तर तोंडावर सांगा. मी यायच्या आत पुसून ठेवता, मी आले की खोली सोडून जाता. सात घरं करते मी, असं कुठंच झालं नाही."

बाईसाहेब तसे नाही, तसे नाही, इतकेच म्हणत राहिल्या, आणि शालनबाई जिना उतरून गेल्या. त्याच दुपारी गुडघा नारळाएवढा सुजला, आणि बाईसाहेब पलंगावर पडल्या, आणि दिगंबररावांनी घाबरून गावी फोन लाविला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अनसूयाबाई एक पिशवी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन दाखल जाहल्या. वय चौसष्ट, अंगाने काटक. घरात पाऊल ठेविताच त्यांनी प्रथम लेकीचा गुडघा पाहिला आणि मागाहून फरशी पाहिली, आणि फरशी पाहून म्हणाल्या की कोण पुसतं हे, हात बरा आहे. मग घडले ते सारे लेकीकडून काढून घेतले. त्यांस राग येईल असे बाईसाहेबांस वाटले होते. त्या हसल्या, आणि मग हसणे थांबवून पलंगाच्या कडेवर बसल्या.

"अगं, तू तिची कीव केलीस, आन् तिला वाटलं तू तिच्या हाताला नावं ठेवतीस. मलाबी एक बाई अशीच भेटली हुती. अनसूयाबाई, तुम्ही दमला असाल, ऱ्हाऊ द्या, मी करते, म्हणायची. महिन्याभरात तिला कळलं की माझ्याबिगर चालतंय. मग मी घरी बसले. कामाला येणाऱ्या बाईला काम लागतं."

ऐसे बोलून, कोणास न विचारता, चपला घालून त्या शेजारच्या इमारतीत गेल्या आणि तासाभराने शालनबाईंस घेऊनच आल्या. वाटेत दोघींचे काय बोलणे जाहले ते लिहिणारास ठाऊक नाही; परंतु जिना चढताना दोघी गुडघ्यांच्या औषधाविषयी बोलत होत्या. मग तहाची बैठक बसली. दिगंबररावांस वाटले की सासूबाई आपल्या बाजूने बोलतील, तो त्या शालनबाईंच्या बाजूस मांडी घालून बसल्या आणि शालनबाईंच्या वतीने कलमे मांडू लागल्या. महिन्याच्या चार सुट्ट्या हक्काच्या, त्यांबद्दल तोंड वाकडे करून विचारायचे नाही. सणाआधीची जळमटे आणि पंखे ही रोजच्या कामात धरायची नाहीत. दांड्याचा पोछा आणायचा, कोपरे राहिले तर राहिले, गुडघे तिलाही दोनच आहेत. सांगितलेला पगार कमी आहे, तो वाढवायचा. दिगंबररावांनी दबकत विचारिले की आई, तुम्ही नक्की कोणाकडून. अनसूयाबाई म्हणाल्या की ज्यातलं कळतं त्याच्याकडून. आणि शेवटचे कलम लेकीकडे बोट करून सांगितले की आठाच्या आत हिने बादलीला हात लावायचा नाही, आणि बाई आली की घरातून पळायचे नाही. सर्वांनी मान्य केले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शालनबाई आठास आल्या आणि पोछा फिरू लागला. बाईसाहेब सोफ्यावर बसल्या होत्या खऱ्या, परंतु बसणे कसले; दहा वेळा वर्तमानपत्र उघडिले आणि दहा वेळा मिटले, आणि हात मोकळे म्हणोन पदराची किनार चुरगाळीत राहिल्या. तेवढ्यात अनसूयाबाई पिशवी भरू लागल्या. बाईसाहेबांनी विनविले की चार दिवस तरी राहा. मातोश्री म्हणाल्या की तुळशीला पाणी घालायचे आहे. ते शेजारीण घालील, असे म्हणताच म्हणाल्या की मांजर आहे. मांजर गेल्या वर्षीच गेले होते. मग म्हणाल्या की उद्या बाजार आहे, आणि मग काही न सुचून पिशवीची चेन उगाच लावू नि उघडू लागल्या. कारणे सांगावयाची ही रीत बाईसाहेबांनी ओळखिली, कारण ती त्यांचीच होती. त्यांनी मातोश्रींचा हात धरून खरे काय ते विचारिले.

"पोतनीसबाईंकडं दोनच दिसांची सुट्टी सांगितलीया," अनसूयाबाई खाली पाहत म्हणाल्या. "तू सांगितलंस तवा सात घरं सोडली. त्यांचं न्हाई सोडलं. मला घरात बसवत न्हाई, उजू. आन् ते काम मला येतं."

अकरा वर्षे. बाईसाहेबांनी हळूच विचारिले, "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला लाज वाटंल म्हणून."

रागाने म्हणाल्या नाहीत, दुखावून म्हणाल्या नाहीत, नेहमीचे सांगावे तसे म्हणाल्या. बाईसाहेबांस म्हणावयाचे होते की लाज नव्हे, तुझा मान राखावा म्हणोन मी हे सारे केले. परंतु त्याच क्षणी त्यांस आठवले की अकरा वर्षे कचेरीत कोणी विचारिले तर आपण सांगत आलो की आई घरीच असते, आणि त्याआधीही कॉलेजात काहीबाही सांगत आलो. आणि ज्यास इतकी वर्षे मान म्हटले ती लाजच होती हे त्यांस कळले, आणि कळून फार वाईट वाटले. डोळ्यांस पाणी आले. शालनबाई दाराशी पोछा धरून उभ्या होत्या, त्यांनी सगळे ऐकिले होते. बाईसाहेबांनी मातोश्रींचा फोन मागून घेतला, पोतनीसबाईंचा नंबर लाविला, आणि शालनबाईंच्या देखत, उंच आणि स्पष्ट आवाजात बोलल्या.

"मी उज्ज्वला. तुमच्याकडे अनसूयाबाई कामाला येतात ना, त्यांची मुलगी. आई सोमवारी येईल. तेवढी सुट्टी तिची हक्काची आहे."

पलीकडून काय उत्तर आले ते कोणास ऐकू गेले नाही. अनसूयाबाई पिशवी खाली ठेवून सोफ्यावर बसल्या. शालनबाईंनी पोछा पुढे सारला आणि म्हणाल्या की आजी, पाय घ्या वर, आणि अनसूयाबाईंनी घेतले.

ऐसा तह जाहला आणि अद्याप चालत आहे. रस्ता पुरा जाहला नाही, धूळ रोज येते, कोपरे थोडे राहतात. गुडघ्याची सूज उतरली. बाईसाहेबांस अजूनही आठ ते नऊ एका जागी बसवत नाही, आणि ओल्या फरशीवर पाय देता म्हणोन शालनबाई त्यांस रागे भरतात. आणि कचेरीत कोणी विचारिले की तुमच्या आई काय करतात, तर बाईसाहेब सांगतात की कामाला जाते, एका घरची फरशी पुसते, आणि फार चांगली पुसते.