याकोबमामांकडे जमा केलेली वाकळ

दौंड स्टेशनाजवळच्या आमच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटापेक्षा वाकळींचं कपाट मोठं होतं. याकोबमामा तिथले कंपौंडर. परमा किंवा गर्मी, असलं बाहेरख्यालीचं दुखणं घेऊन कुणी आला, की डॉक्टर पेनिसिलीनच्या सुया लिहून देत. पण सुई उकळायला टाकण्याआधी मामा म्हणत, "घरची वाकळ आण. जिच्याखाली दोघं झोपता ती. सुया संपून वर सात दिस झालं, आन् डाक्टर बरा म्हणलं, की घिऊन जा."

बदल्यात दवाखान्याचं काळं घोंगडं मिळे. ते इतकं टोचे, की बायकोपासून लांब राहायचं पथ्य आपोआप पाळलं जाई.

मामा शिरूरच्या मिशनच्या आवारात वाढलेले, ठेंगणे आणि भलतेच हट्टी. भांडगावच्या एका बागायतदार आबांनी वाकळीऐवजी कोरी शाल पाठवली. मामांनी ती परत केली. आबांनी तालुक्याच्या पुढाऱ्याचं नाव घेतलं. मामा म्हणाले, "त्येंची बी आणा. जागा हाय कपाटात." तिसऱ्या दिवशी आबा पोतं घेऊन हजर. वर कांदे, खाली वाकळ. कुणाची वाकळ कुठली हे मामांखेरीज कुणाला कळलं नाही. गुपित पोटात ठेवावं तर मामांनीच.

हे मला कसं ठाऊक? आबा आले तेव्हा मी तिथंच बाकावर होतो; माझीही वाकळ कपाटात होती. आता या वयात लपवून काय करायचं!

मी स्टेशनवर बुकिंग क्लार्क. लग्नाला वर्ष झालेलं. सुशीला केंदूरला माहेरी गेली आणि मी मित्रांबरोबर पुण्याला जाऊन शेण खाल्लं. दुसऱ्या सुईला दुखणं पळालं, आणि त्याच दिवशी सुशीलाचं पत्र आलं. मी धावत दवाखान्यात.

"मामा, मी ठणठणीत आहे. वाकळ द्या. ती उद्याच्या एस.टी.नं येतेय."

"दुखणं गेलं, अंगातला पाव्हणा न्हाई गेला."

"पण तिला सांगू काय?"

"खरं सांग."

"ते नाही जमायचं."

"मग घोंगडं हाय. बायबलातल्या इस्राएल लोकांनी चाळीस वर्सं वाळवंटात काढली, तुला थोडं दिस जड झालं व्हय?"

सुशीला आली. वाकळ परटाकडे आहे, असं मी ठोकून दिलं आणि उकाड्याचं निमित्त करून ओसरीवर झोपू लागलो. पाचव्या दिवशी ताट वाढताना ती म्हणाली, "माझं काही चुकलं का?" मी भाजीला मीठ कमी आहे म्हणालो. तसा मी भित्राच.

मुदत संपली, डॉक्टरांनी तपासून बरा म्हटलं. मामांनी कपाट उघडून माझी वाकळ काढली. तळाशी आणखी एक होती, जुन्या हिरव्या लुगड्याची. घडीवर पिवळे डाग पडलेले.

"ही कोण न्यायचं विसरलं?"

"माझी हाय ती." मामा खाली बसले. "लढाईत पल्टणीत होतो. तुझ्यावानीच झालं. डाक्टरनं गोळ्या दिल्या, निम्म्या खाल्ल्या, बरं वाटलं, आन् रजा मिळाली तसा पळालो घरला. मार्थेला, माझ्या बायकूला, माझंच दुखणं लागलं; ताप आला, पोट दुखायचं. मग लेकरू झालंच न्हाई. मरस्तवर इचारायची, माझं काय चुकलं वो? रोज देवापुढं बसायची. मी शेजारी बसून आमेन म्हणायचो. खरं न्हाई सांगितलं."

मी वाकळ बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसलो.

"तुझी वाचली," मामा म्हणाले. "पर तिला सांग. वाटलं तर माझं बी सांग."

मी घरी जाऊन सगळं सांगितलं. सुशीलानं माझ्या हातातली वाकळ घेतली आणि आत जाऊन दार लावलं. महिनाभर मी ओसरीवरच होतो, आणि आता घोंगडंही नव्हतं. ती शिक्षा मला मिळायलाच हवी होती.

मग एके दिवशी सकाळी तिनं विचारलं, "मामांची ती वाकळ उन्हात कोण घालतं?"

"कोण घालणार? एकटे आहेत."

"मग घेऊन या."

मामा आधी देईनात. मीही हट्ट धरला, त्यांच्याकडूनच शिकलो होतो. दुपारी परसातल्या दोरीवर आमची आणि मार्थाबाईंची वाकळ शेजारी शेजारी वाळत होती. मामा पायरीवर बसून होते. सुशीलानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो प्यायला नाही. ऊन सरकलं तसे उठले आणि हिरव्या वाकळीची बाजू हळूच पालटून पुन्हा येऊन बसले.