रिसालदार आणि मोकळं दार

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत कुणाच्याही दारासमोर चप्पल दिसली की ती थेट अंगणात जाऊन पडते. फेकणारे तळमजल्यावरचे रिसालदार मोहिते. नुसत्या चपलांवर भागत नाही. सायकली, रद्दीचे गठ्ठे, कुलकर्णीकाकूंची तुळस, सगळ्यांची रवानगी अंगणात. एकदा त्यांनी लग्नाच्या मांडवाचा खांब दारापासून हातभर सरकवून घेतला. नवऱ्यामुलाचा मामा तणतणला, पण रिसालदार ढिम्म. "दार मोकळं पायजे!" एवढंच.

गडी मूळचा साताऱ्याकडचा, लढाईत रणगाड्याचा कमांडर. त्या गाडीचं नाव काढलं की तासाची निश्चिंती.

"गाडी विलायती, धूळ आपली. पटायचं कसं? एक नट तुटला तर बोटीची वाट बघा! आमी मेल्या गाडीचा काढून जित्या गाडीला लावायचो."

आम्ही हसायचो. ते स्वतः हसत नसत, हे फार उशिरा लक्षात आलं.

चोऱ्या वाढल्या म्हणून सोसायटीनं जिन्याला कुलपाची लोखंडी जाळी बसवायचं ठरवलं. सभेत रिसालदार उठले. आता जेवणाची वेळ टळणार, असं मनात म्हणून मी भिंतीला टेकलो.

"आग लागली तर माणसं भाईर कशी येनार?"

"इथं कसली आग, रिसालदार?" सेक्रेटरी म्हणाले.

"आमच्या गाडीत एक खोट होती. तोफ तिरकी झाली की ड्रायव्हरचं झाकण उघडत नव्हतं. गोळा बसला तवा तोफ तिरकीच होती. मीच फिरवाय लावलेली. गाडी पेटली, तोफ जाम. कानातल्या फोनात ड्रायव्हर हणमंताचा आवाज, 'साहेब, तोफ जरा सरकवा.' वरडला न्हाई वो. पंगतीत शेजाऱ्याला सरका म्हणावं, तसा म्हणला."

मला मान वर करवेना. सेक्रेटरी पुटपुटले, "राहू द्या. जाळी नको."

"चोर येत्यात, लावा जाळी. किल्ली मातुर माझ्याकडं द्या."

जाळी लागली. रोज रात्री तिला कुलूप आणि किल्ली त्यांच्या उशाशी. तेव्हापासून रिसालदार गावच्या जत्रेला गेलेले नाहीत. नाशिकला लेकीला मुलगा झाला, तेव्हा मीच हट्टानं किल्ली मागून घेतली. म्हटलं, नातू बघून या, मी आहे इथं. ते पिशवी भरून निघाले आणि तासाभरात खोपटच्या एसटी डेपोतून परत. बाळाचं झबलं तसंच हातात.

"राग मानू नका," ते म्हणाले. "पण तुमची झोप लई गाढ." आणि किल्लीसाठी हात पुढं केला.